‘२०० रुपयांच्या पुढेच कार्ड चालेल’. या पाटीमागचं गणित काय?

किराणा दुकान असो की मेडिकल, गल्ल्याजवळ एक पाटी हमखास दिसते : ‘२०० रुपयांच्या पुढेच कार्ड चालेल.’ कुठे हा आकडा १०० असतो, कुठे ५००. ग्राहकाला ही अडवणूक वाटते. दुकानदार म्हणतो, परवडत नाही. दोघांच्या मध्ये बँक असते, पण तिला कोणी काही विचारत नाही.

कार्ड स्वाइप झालं की बिलाची पूर्ण रक्कम दुकानदाराच्या खात्यात येत नाही. त्यातून ‘मर्चंट डिस्काउंट रेट’ म्हणजेच एमडीआर कापला जातो. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. ग्राहकाला ‘फुकट’ मिळणारे रिवॉर्ड पॉइंट्स बऱ्याच अंशी इथूनच येतात.

मग छोट्या बिलावरच राग का?

एमडीआर टक्केवारीत असतो. तो समजा २ टक्के धरला, तर १०० रुपयांवर २ रुपये जातात आणि १,००० वर २०. म्हणजे प्रमाण तेच. मशीनचं भाडं असेल तर तेही स्वाइप झालं नाही तरी भरावंच लागतं. खरा प्रश्न बिल किती रुपयांचं आहे हा नाही, बिलात काय आहे हा आहे. ३० रुपयांच्या दुधाच्या पिशवीवर दुकानदाराला समजा एक रुपया सुटत असेल, तर त्यातले ६० पैसे कार्डातच गेले. एमआरपीच्या वर एक पैसाही घेता येत नाही. त्यामुळे दुकानदाराची तक्रार खोटी नाही, पण २०० चा आकडा हे तिचं उत्तर नाही. ५०० रुपयांचं नुसतं दूध घेतलं तरी तोच फटका बसतो.

पाटीची मोठी चूक वेगळीच आहे. तिच्यावर नुसतं ‘कार्ड’ लिहिलेलं असतं. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. डेबिट कार्डाचं तसं नाही. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारांसाठी मशीनवरचा दर १ जानेवारी २०१८ पासून जास्तीत जास्त ०.४० टक्के ठरवण्यात आला. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे.

तरीही साधा फोन वापरणारे, खिशात फक्त रुपे डेबिट कार्ड असलेले आजोबा ८० रुपयांच्या गोळ्यांसाठी एटीएम शोधत फिरतात. त्यांच्या कार्डावर दुकानदाराचा एक पैसाही एमडीआरमध्ये जाणार नसतो. हे त्याला मशीन देणाऱ्या बँकेने सांगायला हवं होतं. मशीन बसवताना येणारा माणूस बोलतो ते भाड्याबद्दल आणि सह्यांबद्दल. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर ‘क्रेडिट’ हा एक शब्द वाढवावा.

क्रेडिट कार्डवाल्यांनाही एक वाट आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआय अॅपला जोडून छोट्या दुकानात क्यूआर स्कॅन केला, तर २,००० रुपयांपर्यंतच्या बिलावर दुकानदाराला एमडीआर लागत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्डवाल्यांना मात्र तूर्त पाटी वाचूनच खिशात हात घालावा लागेल.