शरीराचेही ऐकूया

अत्याचारातून सुटून आलेल्या बाईला आपण तिची हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावतो. पोलिसांना, वकिलांना, समुपदेशकांना. मग तिच्या हाती शिलाई मशीन देतो. पण जे सोसले ते शरीराने. त्याची विचारपूस कोण करणार?

सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली सुरू केलेल्या ‘कोलकाता संवेद’मध्ये देहविक्रीतून सुटलेल्या मुली नृत्याच्या, हालचालींच्या आधाराने सावरल्या. त्यांतल्या काही पुढे स्वतःच प्रशिक्षक झाल्या. दुसऱ्यांनी वापरलेले शरीर तिथे स्वतःच्या मर्जीने हलू लागते.

नाचून खटला जिंकता येत नाही, हे खरे. पण मैत्रिणींनो, आपल्या केंद्रात आठवड्यातून एक तास सतरंजी अंथरून, दार लावून मोकळे हलायला काय हरकत आहे? सक्ती मात्र कुणावर नको.