वॅट नव्हे, वाटा मोजा!

कोठीच्या गुजराती गल्लीत होम थिएटर घ्यायला गेलेला माणूस प्रथम विचारतो, "किती वॅटचे?" माझ्या मते हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न असा, की घरातली कोणकोणती यंत्रे याला जोडता येतील?

सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी, संगणक यांच्या वायरी वेगवेगळ्या ओढण्याचे आता कारण नाही. एचडीएमआयची सारी यंत्रे टीव्हीला जोडावीत आणि टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमधून एकच केबल होम थिएटरच्या तशाच पोर्टला द्यावी. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आहे. ती नसेल तर ऑप्टिकल केबलही चालते; मात्र रिमोटची आज्ञा तिच्यातून जात नाही.

प्रश्न उरतो जुन्या कॅसेट प्लेअरचा. त्याला लाल-पांढऱ्या पिनांची जागा लागते, आणि पुष्कळ नव्या साउंडबारवर ती नसतेच. ज्या घरी आजीच्या ओव्या कॅसेटवर आहेत, त्या घरी असे हजार वॅटही मुकेच!

किंमत वेगळी आणि उपयुक्तता वेगळी, हे वाणिज्य शाखेत आपण पहिल्याच वर्षी शिकतो. तो धडा परीक्षेपुरता न ठेवता दुकानातही आठवावा.