मागच्या सीटवरचा वाटाड्या

दोस्तांनो, मोटरसायकलवर मागे बसल्यावर तुम्ही काय करता? खरं सांगा हं!

"काही नाही, नुसतं बसतो." बहुतेकांचं उत्तर हेच असणार. कुणी गाणं गुणगुणतं, कुणी चक्क पेंगतं. गिअरची गाडी चालवायचा परवाना अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. तोवर आपली जागा मागेच. पण म्हणून मागे बसणारा म्हणजे गाडीवरचं सामान नव्हे. त्याला दोन महत्त्वाची कामं करता येतात. मला ती माझ्या नववीतल्या भाचीनं शिकवली. कशी, ते ऐका.

आमच्या घरी एक जुनी येझदी आहे. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली, तो १९९६ साली बंद पडला. या गाडीची एक गंमत आहे. किक मारायचा दांडाच पुढे ढकलला की गिअरचा दांडा होतो! तर या येझदीच्या मागच्या चाकाची रिम गंजली होती, तारासुद्धा गंजल्या होत्या. मी नवी रिम आणि ३६ नव्या तारा आणून चाक बांधून घेतलं. बांधणाऱ्या कारागिरानं बजावलं होतं, "दोन-तीनशे किलोमीटर झाले की परत आणा. तारा पुन्हा कसाव्या लागतात." मी मान डोलावली आणि विसरून गेलो. चाक चकचकीत दिसत होतं ना! मग कशाला जायचं?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं पहाटे पुण्याहून निघालो. जुन्या हायवेनं कामशेत, तिथून पवनानगर, तिकोन्याच्या पायथ्यावरून पुढे दुधिवरे खिंडीतून लोणावळा, असा बेत होता. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. मी फोनवर रस्ता लावून तो हँडलला अडकवला. भाचीनं मात्र वहीच्या कागदाची एक लांब पट्टी काढून हातात धरली.

"हे काय गं?"

"माझा नकाशा!"

मला हसू आलं. पण ते किवळ्यापर्यंतच टिकलं. तिथं फोन म्हणाला, सरळ जा. मी सरळ निघालोही. तेवढ्यात खांद्यावर थाप पडली. "मामा, थांब! पुढे एक्सप्रेस-वे आहे. त्या फलकावर बघ, दुचाकीवर काट मारलीय!"

खरंच की! मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकींना बंदी आहे. माझा फोन समजत होता, की मी मोटारीत बसलोय. चूक त्याची नव्हती, मीच तसं लावलं होतं. ताशी शंभरच्या वेगानं जाणाऱ्या मोटारींच्या मध्ये आमची म्हातारी येझदी! नुसती कल्पना करा. मी गाडी बाजूला घेतली, फोन खिशात टाकला आणि म्हणालो, "आता तूच सांग."

तिचा नकाशा मोठा मजेशीर होता. त्यात सगळा मावळ तालुका नव्हता, फक्त आमचा रस्ता होता. तळापासून वरपर्यंत एकच रेघ. तळाशी पुणे, मग देहूरोड, सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव, कान्हे फाटा, कामशेत. उजवीकडे काय, डावीकडे काय, ते रेघेच्या दोन बाजूंना लिहिलेलं. १६७५ साली इंग्लंडमध्ये जॉन ओगिल्बी नावाच्या माणसानं आपल्या देशातल्या रस्त्यांचे नकाशे छापले, तेही असेच पट्टीचे होते. आणि त्याची माणसं रस्ते कशानं मोजत होती, ठाऊक आहे? एक चाक ढकलत नेऊन! चाकाचे फेरे मोजले की अंतर कळतं. आपल्या गाडीतला किलोमीटरचा काटा तरी दुसरं काय करतो?

भाचीचा नियम असा, की एका साक्षीदारावर वळायचं नाही. तिचे साक्षीदार तीन. पहिला फलक किंवा मैलाचा दगड. दगडाच्या डोक्याचा रंगही बोलतो बरं का! पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग. पिवळ्या दगडांच्या रस्त्यानं निघालात आणि हिरवे दिसू लागले, तर कुठंतरी वळण घेतलंय हे नक्की. दुसरा साक्षीदार म्हणजे काट्यावरचं अंतर. आणि तिसरा कधीही न हलणारा, म्हणजे डोंगर. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना लोहगड-विसापूरची जोडी डाव्या हाताला यायला हवी, कार्ल्याची लेणी आणि एकवीरेचा डोंगर उजव्या हाताला. तिकोना तर नावाप्रमाणेच त्रिकोणी, दुरूनही ओळखू येतो. तिघांपैकी दोघं जुळले, की मगच वळायचं.

पट्टीवर कामशेतच्या वर तिनं लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, "कार्ला फाटा दिसला तर चुकलो!" किती शहाणपणाची गोष्ट! आपण कुठं वळायचं ते सगळेच लिहितात. पण वळण हुकलंय हे कशावरून ओळखायचं, ते कुणी लिहीत नाही. वाऱ्यात बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणाही ठरल्या. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडे, दोन्ही खांदे दाबले की थांबा.

हे झालं पहिलं काम. आता दुसरं.

कामशेतला आम्ही चहाला थांबलो. माझा चहा संपेपर्यंत भाची गाडीपाशी बसून पान्यानं मागच्या चाकाच्या तारांवर हलकेच टिचक्या मारत होती. टिंग, टिंग, टिंग... टप्! टिंग, टिंग... टप्!

"मामा, चार तारा बेसूर आहेत."

"अगं, नवं चाक आहे. असेल तसंच."

"माझ्या सायकलची तार तुटली ना, त्याच्या आधी ती असंच टप् वाजायची."

आता मात्र मी उठलो. शेजारीच एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. त्यांनी चाक हातानं फिरवलं, रिमजवळ खडू धरला आणि विचारलं, "नव्या तारा टाकून किती किलोमीटर झालं?"

"साडेसातशे."

"आन् परत कसल्या न्हाईत?"

मी गप्प. ते म्हणाले, "दादा, तार एकटी तुटत न्हाई. शेजारणीला घिऊन जाती. पुढं खिंडीचा उतार हाय, मागं पोर बसलीया."

दोस्तांनो, त्या वाक्यानं माझा घसा कोरडा पडला.

आता प्रश्न असा, की सैल तार का तुटते? तुटायला हवी ती ताणलेली, नाही का? इथंच खरी गंमत आहे. बैलगाडीचं चाक आठवा. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे जाड लाकडी आरे, आणि भोवती लोखंडी धाव. गाडीचं ओझं खालच्या आऱ्यांवर उभं असतं, घर जसं खांबावर उभं असतं तसं. १८८५ साली जर्मनीत डाइमलरनं पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली, तिची चाकंसुद्धा लाकडीच होती. पण बारीक तार खांबासारखी उभी राहील का? सायकलची एखादी सुटी तार दोन टोकांनी दाबून बघा, लगेच वाकते. तीच ओढून बघा, हलणार नाही! तार दाबाला कच्ची आणि ताणाला पक्की. म्हणून चाकातल्या सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. ही कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केलीला १८०८ साली सुचली. त्याला उडत्या यंत्रासाठी हलकी चाकं हवी होती. पुढे १८७४ साली जेम्स स्टार्लीनं तारा एकमेकींवरून तिरप्या नेल्या. त्यामुळे गाडी पळताना किंवा ब्रेक दाबताना चाकाला बसणारा पीळ त्या पेलू शकतात.

चाकावर वजन आलं, की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो. चाक फिरलं, की तो परत येतो. तार मुळातच घट्ट असेल, तर थोडा ताण गेला तरी बिघडत नाही. पण सैल तारेचा ताण दर फेऱ्याला पार संपतो आणि हबपाशी, जिथं ती वाकवलेली असते, तिथं तिला पुन्हा पुन्हा झटके बसतात. लोखंडी तार हातानं पुढे-मागे वाकवून तुम्ही तोडली असेल ना? तसंच हे! किती झटके, याचा हिशेब करू. चाकाचा घेर १.९ मीटर धरा. एका किलोमीटरला सव्वापाचशेच्या आसपास फेरे. पुणे ते लोणावळा ६५ किलोमीटर. म्हणजे चौतीस हजार झटके! एक तार तुटली, की तिचा भार शेजारच्या तारांवर, मग त्याही जातात. तुटलेलं टोक ट्यूबमध्ये घुसलं, तर चालत्या गाडीचं चाक एकदम बसतं.

आणि नव्या तारा सैल का पडतात? तारेचं वाकडं टोक हबच्या भोकात आणि निपल रिमच्या भोकात हळूहळू नीट बसतं. तेवढा ताण उतरतो. म्हणून पुन्हा कसायचं. जुन्या गाडीला तारांचं चाक बसवताना आणखीही काही बघावं लागतं. रिमची भोकं आणि हबची भोकं जुळायला हवीत (बहुतेक गाड्यांना ३६, बुलेटला ४०). तारांची लांबी बरोबर हवी. रिम गाडीच्या मधोमध यायला हवी, नाहीतर पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत राहत नाही. आणि निपलच्या भोकांतून हवा जाते, म्हणून अशा साध्या रिमला आत ट्यूब हवीच.

मिस्त्रींनी तासाभरात सगळ्या तारा कसल्या, आउट काढला. मग भाचीच्या हातात पाना देऊन म्हणाले, "आता वाजीव." सगळ्या टिंग! आम्ही पवनेच्या कडेकडेनं तिकोना डोळ्यांसमोर ठेवून निघालो. धरणाजवळ फोनची रेंज गेली, पण आम्हाला पत्ताही लागला नाही. खिंड चढलो, उतरलो आणि दुपारी लोणावळ्यात गरम भजी खाल्ली.

आता तुमची पाळी. आपली सायकल उलटी उभी करा. एकेक तार हलकेच वाजवून ऐका. मग मागच्या फ्रेमला हात टेकवून रिमच्या बाजूशी खडू अगदी जवळ धरा, दुसऱ्या हातानं चाक सावकाश फिरवा. (बोटं तारांपासून लांब हं!) खडूची खूण फक्त एकाच ठिकाणी उमटली, तर चाक तिथं खडूकडे झुकलंय. सायकलवाल्या काकांना ती जागा दाखवा आणि ते कोणत्या बाजूच्या तारा कसतात ते बघा. झुकलेल्या बाजूच्या की विरुद्ध? का बरं? मोटरसायकलच्या तारांना मात्र स्वतः पाना लावू नका. वाजवा, ऐका आणि मोठ्यांना सांगा.

पुढच्या प्रवासाचा पट्टी-नकाशाही काढा. एसटीचा असला तरी चालेल. त्यावर लाल पेन्सिलीनं "इथं पोचलो तर चुकलो" लिहायला विसरू नका.

आणि मोठी माणसं म्हणाली, "असेल तसंच!" तर? तर आमच्या भाचीसारखं पुन्हा एकदा सांगा. तेही मागच्या सीटचंच काम आहे.