पाच वर्षे ही कमाल मर्यादा, वेळापत्रक नव्हे

कारखान्याला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ विषय बहुधा तिथेच मिटतो. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना मृत्यूचा दाखला भरायला शिकवताना आम्ही बजावतो, की कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहू नका. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. ते का बंद पडले, ते लिहा. शॉर्टसर्किटचेही तसेच आहे. तारेवरचे आवरण कडक होऊन तडकलेले असते, पॅनेलमधला स्क्रू सैल झालेला असतो, जुन्या केबलवर नव्या यंत्रांचा भार चढवलेला असतो. यातले काहीही एका रात्रीत घडत नाही. तपासणी झाली, तर ते आधी सापडते.

मग तपासणी किती वेळा व्हावी? केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने लागू झाले. पुरवठ्याला जोडलेल्या वीजमांडणीच्या दोन तपासण्यांत पाच वर्षांपेक्षा जास्त अंतर नसावे, असे ते सांगतात. ठरावीक व्होल्टेजपर्यंतच्या मांडणीसाठी मालकाला स्वयंप्रमाणन करता येते. त्यावरची मांडणी विद्युत निरीक्षक तपासतो. नियमातली भाषा ‘पाच वर्षांपेक्षा जास्त नाही’ अशी आहे. व्यवहारात तिचा अर्थ ‘पाच वर्षांतून एकदा’ असा लावला जातो. कागद फायलीत जातो आणि पॅनेलचे दार पुढच्या मुदतीपर्यंत बंद राहते.

याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. म्हणजे आग विझवणाऱ्या साधनांची खातरजमा सहा महिन्यांनी आणि आग लावू शकणाऱ्या तारांची पाच वर्षांनी, असा हा हिशेब झाला.

दवाखान्यात आम्ही सगळ्यांना एकच तारीख देत नाही. धडधाकट माणसाला वर्षभराने बोलावले तरी चालते. साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेह्याला तीन महिन्यांत यावे लागते. कारखान्यांनाही हाच नियम लावायला हवा. ब्रिटनमधल्या प्रचलित मार्गदर्शनात कारखान्यांसाठी साधारण तीन वर्षे, जलतरण तलावासाठी एक वर्ष आणि बांधकामावरच्या तात्पुरत्या जोडणीसाठी तीन महिने असे अंतर सुचवले जाते. जिथे ओल, धूळ आणि हाताळणी जास्त, तिथे मुदत कमी, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे.

आपल्या पट्ट्यात ही तिन्ही कारणे हजर आहेत. उल्हासनगरच्या गाळ्यांत कपडे शिवले जातात, फर्निचर बनते. कापसाचे तंतू आणि लाकडाचा भुसा स्विचबोर्डात साचतो. एका ठिणगीला तेवढे पुरते. दोन यंत्रांसाठी टाकलेल्या तारेवर सहा यंत्रे चालतात. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत आम्लाच्या वाफा तांब्याची टर्मिनल्स खातात. ज्वालाग्राही वाफेच्या जागी फ्लेमप्रूफ पेटी बसवलेली असते, पण दुरुस्तीनंतर तिचे दोन बोल्ट लावायचे राहिले, तर ती फक्त नावाची फ्लेमप्रूफ उरते.

शिवाय पावसाळा. २६ जुलै २००५ इथे कोणी विसरलेले नाही. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पाण्यात बुडालेले पॅनेल वरून वाळलेले दिसते; आत गाळ आणि ओल तशीच राहते. पाणी ज्या दिवशी आत शिरले, त्या दिवशी आधीचे प्रमाणपत्र संपले असे समजावे. चाचणी झाल्याशिवाय मुख्य स्विच चालू करू नये. नवे यंत्र बसले, भार वाढला, आग लागता लागता वाचली, तरीही तेच.

डॉक्टरने यात का पडावे, असे कोणी विचारेल. शरीराचे गणित सोपे आहे. एक मिलिअँपिअर प्रवाहाने मुंग्या येतात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि पकडलेली तार हाताला सोडता येत नाही. तीसच्या पुढे, प्रवाह टिकला तर, हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. घामाने ओल्या कातडीतून शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत घसरू शकतो. अशा वेळी २३० व्होल्टचा धक्का म्हणजे सुमारे २३० मिलिअँपिअर. जो वाचतो, त्याचीही जखम फसवी असते. तळहातावर रुपयाएवढा डाग दिसतो आणि आत दंडापर्यंतचे स्नायू भाजलेले असतात. त्या स्नायूंतून सुटलेल्या द्रव्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून विजेचा जोराचा धक्का बसलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला इसीजी आणि लघवीच्या तपासणीसाठी रुग्णालयात आणावेच लागते. तोही आधी पुरवठा बंद करून, त्याला उघड्या हाताने न ओढता.

खरी तपासणी म्हणजे टॉर्च मारून सही करणे नव्हे. पुरवठा बंद करून मेगरने ५०० व्होल्टवर तारांच्या आवरणाचा रोध मोजतात; तो एक मेगाओहमपेक्षा कमी भरला, तर ती तार आजारी आहे. गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी किती मिलिसेकंदांत तुटतो, ते उपकरणावर पाहतात. तो ‘सारखा पडतो’ म्हणून वायरमनने बाजूने तार जोडलेली नाही ना, हेही पाहतात. सैल सांधे भार चालू असताना थर्मल कॅमेऱ्यात तापलेले दिसतात. अर्थिंग मात्र उन्हाळ्यात मोजावे. वीज पुरवठादाराने आपले अर्थिंग कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, किमान दोन वर्षांतून एकदा तपासावे असे नियमच सांगतो. ओल्या मातीत वाईट अर्थिंगही चांगले आकडे दाखवते. आपल्याकडे त्यासाठी एप्रिल-मे योग्य.

मालकांची अडचण खोटी नाही. चाचणीसाठी पुरवठा बंद करावा लागतो, उत्पादन थांबते, खर्च येतो. पण सगळा कारखाना एकाच दिवशी तपासायची गरज नसते. साप्ताहिक सुट्टीला एकेक विभाग घेतला, तर वर्षभरात फेरी पूर्ण होते. एका इमारतीतल्या गाळेधारकांनी मिळून परवानाधारक ठेकेदार नेमला, तर खर्च वाटला जातो.

हे लिहिताना आम्ही सरकारी डॉक्टर उपदेश करायच्या जागी नाही, याची जाणीव आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासण्या सुरू झाल्या. त्या आधी व्हायला हव्या होत्या.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक तपासणी अहवालात पुढच्या तपासणीची तारीख असावी आणि ती जागेची अवस्था पाहून ठरवावी. रसायने, तंतू, भुसा किंवा पुराचे पाणी जिथे आहे, तिथे ती वर्षापलीकडे जाऊ नये. मागची आणि पुढची, अशा दोन्ही तारखा मुख्य पॅनेलच्या दारावर मराठी आणि हिंदीत ठळक रंगवाव्यात. रात्रपाळीच्या कामगाराला मेगर वाचता येत नसेल; तारीख उलटून गेली आहे, एवढे त्याला नक्की वाचता येते. आणि ते विचारण्याचा हक्क त्याला आहे.