कंबरदुखीची गोळी आणि तिची सवय



या अंकासाठी आडसाली लागणीच्या बेण्याविषयी लिहावे, असे संपादकांनी सुचविले होते. ते पुढच्या अंकी अवश्य लिहू. परंतु यंदा ऊसनोंदीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस आली, आणि तिच्याविषयी बोलल्यावाचून राहवेना. नोंदीच्या अर्जावर सही करण्यासाठी सभासद खिशातून पेन काढतो, आणि पेनाबरोबर गोळ्यांची अर्धी पट्टी बाहेर येते. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाची मान. "दुखतंय म्हणून घेतो साहेब, डागदरनंच दिलीया," असे सांगतात. ते खोटे नसते. पण केव्हा दिली, किती दिवसांसाठी दिली आणि आता ती कोणाच्या सांगण्यावरून चालू आहे, असे विचारले की माणूस जरा घुटमळतो.

आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकाधारक. अमुक औषध घ्या, तमुक सोडा, असे सांगणे आमचे काम नाही व तसे आम्ही सांगणारही नाही. दुखण्याच्या बाबतीत मात्र आम्ही तुमच्याच पंक्तीला बसलो आहोत. वीस वर्षे मोटरसायकलवरून चारी-पाणंदीच्या रस्त्यांनी फिरून मणक्यातील गादी सरकली, डाव्या पायात कळ उतरू लागली, त्याला आता सात वर्षे झाली. ऑपरेशनची गरज नाही, पण दुखणे सांभाळून राहावे लागेल, असे तज्ज्ञांनी सांगितले. दुखणे फार वाढते तेव्हा ते ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल मिळून असलेली गोळी लिहून देतात. गोळीने गुण येतो, हे आधी मान्य केले पाहिजे. रात्रभर कुशी बदलणाऱ्या माणसाला चार तास झोप लागते आणि सकाळी तो शिवारात जाऊ शकतो. या गोळीला नावे ठेवणे सोपे आहे. ज्याचे काही दुखत नाही त्याला तर फारच सोपे.

काळजी लागते ती निराळीच. संध्याकाळचे सात वाजले की कंबर बोलू लागते. आता ही खरोखर कंबर बोलते आहे, की वेळ झाली म्हणून अंग गोळी मागते आहे? ज्याचे त्यालाही ते ओळखता येत नाही. घरात विचारावे तर "व्यसन लागलंय का तुम्हाला?" असे कोणी म्हणेल ही धास्ती. डॉक्टरांना विचारावे तर ते गोळीच बंद करतील आणि पुन्हा रात्री जागून काढाव्या लागतील, ही दुसरी धास्ती. आमच्या माहितीतल्या कितीतरी जणांनी ही काळजी अशी दोन्हीकडून दाबून ठेवली आहे. आम्ही ती डॉक्टरांपुढे सरळ मांडली. त्यांनी रागावण्याऐवजी खुर्ची पुढे ओढली आणि जे समजावून सांगितले, ते सर्वांच्या उपयोगाचे असल्याने आमच्या भाषेत येथे देतो.

पहिली गोष्ट, दुखण्याच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही एक जात. यांची अफूसारखी ओढ लागत नाही, पण पोटात व्रण होणे, रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे हे धोके त्यांच्यात आहेत. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन ही दुसरी जात. अफूच्या कुळातली किंवा त्या धर्तीची. ही काही आठवडे रोज घेतली की शरीर तिला सरावते. कळ नसेतून येत असेल तर प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन देतात. तीही रोजची झाल्यावर एकदम सोडायची नसतात. आणि झोपेच्या म्हणून ज्या गोळ्या यांच्या जोडीला येतात, त्यांची गोष्ट आणखी वेगळी.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. शरीराला सवय होणे आणि माणसाला व्यसन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्या सरळ माणसाच्या शरीरालाही सवय होते; त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. व्यसन म्हणजे त्रास होतो आहे हे दिसत असूनही ओढीपायी घेत राहणे, दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या घेणे, घरच्यांपासून पट्टी लपविणे, दुखत नसतानाही घेणे. पहिल्या गोष्टीतून दुसरी होऊ शकते, म्हणूनच लक्ष ठेवायचे.

आता खरी मेख पाहा. सरावलेल्या शरीराची गोळी एकाएकी थांबविली, तर घाम सुटतो, जांभया येतात, नाक वाहते, पोट बिघडते, झोप उडते, जीव घाबरा होतो आणि सर्वांग दुखू लागते. माणसाला वाटते, जुने दुखणे उलटले. तो पुन्हा गोळी घेतो, बरे वाटते, आणि "बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही" अशी त्याची खात्री होते. वास्तविक त्यातले निम्मे-अधिक दुखणे गोळी सोडल्याचे असू शकते. आमच्या गटातील एका सभासदाने गेल्या दिवाळीत वर्षभराची गोळी एका दिवसात "देवाशप्पथ सोडली" आणि तिसऱ्या दिवशी घरच्यांनी त्यांना जीपमध्ये घालून तालुक्याला नेले. हेतू चांगला होता, रीत चुकली. अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने, आठवड्या-आठवड्यांनी उतरवायची असते. डोकेदुखीतही असाच घोटाळा होतो. साध्या गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते.

तुम्ही म्हणाल, हे समजायला अवघड आहे. आम्हांस वाटत नाही. युरियाचे काय झाले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जेवढ्या युरियाने पूर्वी ऊस काळाभोर दिसायचा, तेवढ्याने तो आता दिसत नाही म्हणून एक पोते वाढले, मग दोन वाढली. जमिनीचा सेंद्रिय कर्ब किती उरला हे कोणी पाहिले नाही. तशीच पिवळ्या पानाची गोष्ट. चुनखडीच्या रानात ऊस केवड्याने पिवळा पडतो, त्याला पाहिजे असते लोह, म्हणजे आपले हिराकस. आणि आपण टाकतो युरिया. मागल्या वर्षी एका सभासदाला आम्ही यावरून रागे भरलो, तेव्हा तो हसत म्हणाला, "साहेब, पान पिवळं दिसलं तर तुम्ही माती तपासायला सांगता, आणि माझी कंबर दुखली तर मेडिकलवाला काहीच न तपासता पट्टी देतो." त्याच्या बोलण्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

मेडिकलवाल्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. ट्रॅमाडॉलसारखी औषधे 1 मार्च 2014 पासून 'अनुसूची एच-1' मध्ये आहेत. ती चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. कोणत्या डॉक्टरांनी, कोणाला, किती गोळ्या दिल्या याची वेगळी वही दुकानदाराने ठेवायची असते आणि ती तीन वर्षे जपायची असते. एप्रिल 2018 मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. तेव्हा जो दुकानदार चिठ्ठी मागतो तो अडवणूक करीत नाही, आणि जो न मागता देतो त्याचे उपकार मानू नयेत. सांधेदुखीवर 'देशी पावडर' विकणारे बाजारात बसतात, त्यांच्यापासून तर चार हात दूर राहावे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. दोन दिवसांत चालायला लावणारा गुण त्याचाच असतो, आणि तेही एकदम सोडले तर जिवावर बेतू शकते.

चिठ्ठीचे औषध म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. अमेरिकेत 1996 साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची जोरकस गोळी बाजारात आणली आणि तिची सवय फारच थोड्यांना लागते असे डॉक्टरांच्या गळी उतरविले. आधार काय, तर 1980 साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेले अवघ्या पाच वाक्यांचे पत्र, तेही रुग्णालयात दाखल असलेल्या रोग्यांपुरते! 2007 मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. 1999 ते 2019 या काळात अफूवर्गीय औषधे व अमली पदार्थांच्या अतिसेवनाने तिकडे जवळजवळ पाच लाख माणसे गेली. त्यांतल्या कित्येकांची सुरुवात आपल्यासारखीच झाली होती. पाठ दुखली, डॉक्टरांनी गोळी दिली.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणीतरी घरातल्या म्हाताऱ्याची गोळी काढून घेईल. आमच्या पाहण्यातल्या एका घरी वडिलांना कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले, पण मुलाने ते आणले नाही. का, तर "शेवटी शेवटी अफूची सवय नको." म्हातारा दीड महिना ओरडत गेला. सवयीच्या भीतीपायी असे हाल करणे हा शहाणपणा नव्हे. 1985 च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे आपल्या देशात मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. ते सुलभ व्हावे म्हणून संसदेने 2014 मध्ये कायदा दुरुस्त केला. कर्करोगाच्या कळा वेगळ्या, वीस वर्षे चालणारी कंबरदुखी वेगळी. दोहोंचा हिशेब वेगळा मांडायचा.

आणि पहिल्या जातीच्या गोळ्यांना कोणी निरुपद्रवी समजू नये. आपल्या शिवारावर पूर्वी गिधाडे घिरट्या घालीत. आता वर्षानुवर्षे दिसत नाहीत. डायक्लोफिनॅक टोचलेले जनावर मेले, ते गिधाडांनी खाल्ले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. 2006 साली जनावरांसाठी हे औषध बंद करावे लागले. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, त्याला ते औषध योग्य मात्रेत चालते, हे खरे. पण एप्रिलच्या उन्हात, घामाने निथळत, पुरेसे पाणी न पिता रोज दोन-दोन गोळ्या घेतल्या तर माणसाच्या मूत्रपिंडावरही ताण पडतो. असे कोण करते? आपल्या उसाच्या फडात कोयता चालविणारी माणसे. लघवीला आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच कमी पितात. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचे, तेही पहाटेपासून. संध्याकाळी कोपीवर टपरीतली गोळी. ही माणसे सभासद नाहीत, त्यांना हे पत्रक जात नाही. म्हणून त्यांच्या वतीने येथे लिहिले.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही एक छोटी वही केली आहे. फडाची नोंद ठेवतो तशीच. तारीख, दुखणे दहापैकी किती, गोळी घेतली की नाही, त्या दिवशी किती चाललो, किती मोटरसायकल चालविली. दोन महिन्यांनी वही पाहिली, तर सर्वांत जास्त गोळ्या नोंदीच्या फिरतीच्या दिवसांत नव्हत्या, तर कार्यालयात दिवसभर खुर्चीत बसून अहवाल लिहिण्याच्या दिवसांत होत्या. हे आम्हांस स्वप्नातही वाटले नसते. फिजिओथेरपिस्टने शिकविलेले पोटाचे-पाठीचे व्यायाम आणि दर तासाला उठणे एवढ्याने महिन्याच्या गोळ्या पुष्कळ खाली आल्या. दुखणे गेले नाही. ते राहणार आहे, आणि वाईट आठवड्यात गोळीही राहणार आहे. पण कंबर बोलते की गोळी, हा प्रश्न आता रात्री उठवत नाही; वहीत पाहता येते. ज्यांना ओढ आवरत नाही असे वाटते, त्यांनी टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करावा. मराठीतून बोलता येते.

राहिला कारखान्याचा प्रश्न. हंगामात आपल्या ऊस यार्डात प्रथमोपचाराची पेटी असते. तिच्यातली कंबरदुखीची पट्टी कोण देतो, तर त्या पाळीला जो चिटबॉय असेल तो. कोणाला किती दिल्या याची नोंद नाही. साखरेच्या एका पोत्याचा हिशेब आपण ठेवतो! आमच्या मते हंगामाचे पाच महिने यार्डात शिकलेली परिचारिका असावी, गट कार्यालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट यावा, आणि फडाजवळ पिण्याचे पाणी व आडोसा यांची जबाबदारी तोडणी करारातच लिहावी. आणि मोळी किती किलोची बांधावी, हेही कधीतरी मुकादमांबरोबर बसून ठरविले पाहिजे. खर्चाचा अंदाज काढून आम्ही शेती खात्यामार्फत वर पाठविला आहे. परंतु आम्ही पडलो नोकर. वार्षिक सभेत ठराव मांडण्याचा हक्क सभासदांचा आहे. सूचक आणि अनुमोदक होण्यास जे तयार असतील, त्यांनी कोणत्याही मंगळवारी गट कार्यालयात यावे. मसुदा टंकलिखित करून ठेवला आहे.