मरहूम पतीचे इन्कम टॅक्स रिटर्न रिजेक्ट का होते?

घरातला कमावता माणूस अल्लाहला प्यारा झाला की पहिले चाळीस दिवस घर माणसांनी भरलेले असते. कागदांची आठवण त्यानंतर होते. बँक, विमा, पेन्शन, सातबारा अशी कामे एकामागून एक निघतात आणि या रांगेत इन्कम टॅक्सचे रिटर्न सगळ्यात शेवटी येते. "माणूसच गेला, आता कसला टॅक्स?" असे म्हणून कितीतरी घरांत तो विषय तिथेच सोडून दिला जातो. कोणी भरायला गेलेच, तर ते रिटर्न अडकते, अर्ज रिजेक्ट होतो आणि बेवा बाई थकून गप्प बसते.

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत आपल्या समाजात शिक्षक आहेत, एसटीचे कर्मचारी आहेत, सरकारी खात्यांत नोकरी करणारे आहेत, बाजारपेठेत दुकान चालवणारे आहेत. यातल्या नोकरदारांचा टीडीएस दर महिन्याला पगारातूनच कापला जातो. म्हणून हा प्रश्न श्रीमंतांचा नाही. बऱ्याचदा प्रश्न टॅक्स भरण्याचा नसतोच, कापलेले पैसे परत मिळवण्याचा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, महिना ९०,००० रुपये पगार असलेल्या एका शिक्षकाचा इंतकाल ऑक्टोबर २०२४ अखेर झाला. कार्यालयाने पूर्ण वर्षाचा पगार गृहीत धरून दर महिन्याला ४,४०० रुपये, म्हणजे सात महिन्यांत ३०,८०० रुपये टीडीएस कापला. पण वर्षभराचा पगार मिळालाच नाही. सात महिन्यांचे ६,३०,००० रुपये झाले. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उरले ५,५५,०००. त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट होती. दुसरे उत्पन्न नसेल तर टॅक्स शून्य. म्हणजे पूर्ण ३०,८०० रुपये परत मिळायला हवेत. मात्र रिटर्न भरल्याशिवाय ते मिळत नाहीत.

मग रिटर्न अडकते कुठे? आमच्या पाहण्यात पाच जागा येतात.

पहिली जागा म्हणजे लॉगिन. घरची मुले वडिलांचा पासवर्ड वापरून, वडिलांच्याच मोबाईलवर ओटीपी मागवून रिटर्न भरायला बसतात. सिम बंद झालेले असते किंवा पॅनवर मृत्यूची नोंद झालेली असते, आणि काम थांबते. ओटीपी आला तरी हा रस्ता चुकीचाच. मयत माणूस सही करू शकत नाही आणि ओटीपी ही सहीच आहे. बरोबर रस्ता असा, की वारसाने स्वतःच्या पॅनने पोर्टलवर लॉगिन करायचे, तिथे 'ऑथराइज्ड पार्टनर्स' या भागात प्रतिनिधी म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा आणि 'मयत व्यक्तीचा कायदेशीर वारस' हा प्रकार निवडायचा. विभागाने अर्ज मंजूर केला की स्वतःच्या लॉगिनमधूनच मरहूमांचे रिटर्न भरता येते. सगळ्या वारसांनी अर्ज करायची गरज नाही, एकाने केला तरी चालते.

दुसरी जागा म्हणजे कागद. या अर्जाला मरहूमांचे पॅन, वारसाचे पॅन, मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे आजारी माणसाला जव्हारहून पुढे नाशिकला किंवा ठाण्या-मुंबईला हलवले जाते. मृत्यूची नोंद मात्र जिथे मृत्यू झाला तिथेच होते, राहत्या गावी नाही. नाशिकच्या दवाखान्यात इंतकाल झाला असेल तर दाखला तिकडच्या महापालिकेचा. तो मिळाल्याशिवाय जव्हार नगरपरिषदेत किंवा गावच्या ग्रामपंचायतीत फेऱ्या मारून उपयोग नाही. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही.

वारसाच्या पुराव्याबद्दल गैरसमज फार आहे. कोर्टाचाच कागद लागतो असे नाही. कोर्टाचे किंवा महसूल अधिकाऱ्यांचे वारस प्रमाणपत्र, नोंदणीकृत वसीयत, सरकारने दिलेले कुटुंब निवृत्तीवेतनाचे प्रमाणपत्र, यांपैकी एक चालते. बँकेने आपल्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह दिलेले, नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार कोण होते हे सांगणारे पत्रही चालते. ज्या बेवांना पेन्शन सुरू झाली आहे त्यांचा पुरावा घरातच असतो. काहीच नसेल तेव्हा दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्रात ते आजही १८२७ च्या मुंबई विनियम ८ नुसार मिळते. त्याला वेळ लागतो, म्हणून आधी बँकेच्या पत्राचा मार्ग बघावा. आणि वारस प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर त्याचे हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडावे लागते. अर्ज नापास होण्याचे हे एक साधे कारण कोणी सांगतच नाही.

तिसरी जागा म्हणजे नावाचे स्पेलिंग. शाळेच्या दाखल्यावर नावे लिहिताना आम्ही हे रोज बघतो. एकच माणूस आधारवर मोहम्मद, पॅनवर मोहम्मदचे दोन अक्षरी संक्षिप्त रूप आणि मृत्यू दाखल्यावर महंमद असतो. शेखचे इंग्रजी स्पेलिंग तर तीन-चार प्रकारे लिहिले जाते. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत येता येता माणूस बदलून जातो आणि संगणकाला हे वेगवेगळे लोक वाटतात. मृत्यूची माहिती देतानाच मरहूमांचे आधार आणि पॅन समोर ठेवून नाव लिहून द्यावे. ही पाच मिनिटे पुढचे पाच महिने वाचवतात.

चौथी जागा म्हणजे उत्पन्नाची सरमिसळ. इंतकालाच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न मरहूमांच्या रिटर्नमध्ये जाते. त्यानंतरचे मुदत ठेवीचे व्याज, दुकानाचे भाडे हे मागे राहिलेल्यांचे उत्पन्न. बायकोला मिळणारी कुटुंब पेन्शन तिच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायची. बँकेला खबर दिली नसेल तर नंतरच्या व्याजाचा टीडीएसही मरहूमांच्याच पॅनवर जमा होत राहतो. मग रिटर्नमधले उत्पन्न आणि विभागाकडची नोंद जुळत नाही आणि 'रिटर्न सदोष आहे' अशी नोटीस येते. तिला उत्तर द्यायला १५ दिवस असतात. ईमेल मरहूमांचा, तो कोणी उघडत नाही, आणि मुदत निघून जाते. वारस म्हणून भरताना ईमेल आणि मोबाईल स्वतःचाच द्यावा.

पाचवी जागा शेवटच्या पायरीवर आहे. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. ती वारसाच्या आधार ओटीपीने होते. खोडाळा, सूर्यमाळ भागात रेंज कधी येते, कधी जाते, आणि ओटीपी काही मिनिटांत बाद होतो. अशा वेळी पावती छापून, सही करून स्पीड पोस्टाने बंगळुरूला पाठवायची सोय आहे. पडताळणी राहिली तर रिटर्न भरलेच नाही असे धरले जाते. त्याचप्रमाणे परताव्यासाठी चालू आणि पोर्टलवर तपासलेले बँक खाते हवे. मरहूमांचे खाते बंद केले असेल तर पैसे आले तसे परत जातात.

मुदत उलटली तर? ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते. त्यानंतरच्या 'अद्ययावत रिटर्न'मध्ये परतावा मागता येत नाही, मग कोणी कितीही खात्रीने सांगो. पण दार पूर्ण बंद होत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार, कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. मृत्यू, इद्दत, वारसाच्या कागदांना लागलेला वेळ ही कारणे त्यात पुराव्यासह मांडावीत. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख असली, तरी त्याआधीच्या वर्षांची रिटर्न १९६१ च्या कायद्यानेच चालतात.

इद्दतीबद्दलही बोलले पाहिजे. चार महिने दहा दिवसांच्या काळात बाईने कचेऱ्यांत खेटे घालू नयेत असे घरच्यांना वाटते, ते समजण्यासारखे आहे. पण हे काम घरात बसून मोबाईलवर होते, त्यासाठी विक्रमगड-मनोर करत पालघरला जायला लागत नाही. अडचण वेगळीच असते. बाईचे पॅनच नसते. आधार असते, पण त्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि तो बंद. म्हणजे जिच्या नावाने दार उघडायचे तिच्या हातात चावीच नाही. आधारवर मोबाईल नंबर जोडून घेतला की आधारच्या आधारे ई-पॅन मोफत मिळते. नंबर जोडण्याचे काम पोस्टमनकडूनही होते. हे सगळे इंतकालानंतर करण्याची वेळ का यावी? नवरा हयात असतानाच बायकोचे स्वतःचे पॅन, स्वतःचा नंबर, स्वतःचे खाते असावे. यात बेभरवसा नाही, यात तिची काळजी आहे.

आता जी गोष्ट कोणताही एजंट सांगणार नाही ती. परतावा एका वारसाच्या खात्यात येतो, पण तो त्या एकाचा होत नाही. वारस म्हणून झालेली नोंदणी फक्त विभागाशी व्यवहार करण्यापुरती असते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. शरीयतचाही हिशेब तोच. हा पैसा तरक्याचा. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतली वसीयत, मग वारसांचे हिस्से. बायकोचा न दिलेला मेहर हे कर्जच आहे. थकलेला टॅक्स हेही कर्जच आहे. कायदाही वारसाला जबाबदार धरतो तो मिळालेल्या मालमत्तेपुरताच. बेवाच्या स्वतःच्या पगारातून किंवा दागिन्यांतून तो वसूल होत नाही.

वरच्या उदाहरणात कर्ज काही उरलेले नाही, मरहूमांचे आई-वडील हयात नाहीत आणि मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आहेत असे धरू. ३०,८०० पैकी बायकोचा आठवा हिस्सा ३,८५० रुपये. उरलेल्या २६,९५० मध्ये प्रत्येक मुलाला १०,७८० आणि मुलीला ५,३९० रुपये. आई-वडील असतील तर हिशेब बदलतो, तो आलिमांकडून करून घ्यावा. लग्न होऊन भिवंडीला गेलेल्या बहिणीला या ५,३९० रुपयांची खबरही नसते. थोरला भाऊ "माझ्या खात्यात आले" म्हणून विसरून जातो. रक्कम लहान आहे, पण अमानत रकमेवर ठरत नाही.

प्रत्येक जमातीत दोन-तीन पदवीधर तरुण-तरुणी सहज असतात. त्यांनी हा रस्ता एकदा नीट शिकून घेतला, तर दफनानंतरच्या मदतीत एक मदत ही पण होईल, की मरहूमांचा सरकारशी असलेला हिशेब पूर्ण करून देणे आणि जे येईल ते हकदारांना पोचवणे.