उंची अंगणाला विचारून ठरवावी

हौशी रेडिओचे केंद्र उभारू पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम आकाशाकडे जाते; एरियल उंच असावी, ही त्याची इच्छा स्वाभाविकच आहे. तथापि आमच्या मते त्याने प्रथम अंगण पाहावे. सडपातळ मनोरा केवळ स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. तंबूप्रमाणे तीन दिशांना ताणलेले पोलादी तणावे त्याला सावरून धरतात. पोलंडमधील ६४६ मीटर उंचीचा रेडिओ-स्तंभ ८ ऑगस्ट १९९१ रोजी तणावे बदलण्याचे काम चालू असतानाच कोसळला.

तणाव्याचा खुंट कोठे रोवला, यास फार महत्त्व आहे. तणावा ज्या उंचीवर बांधला, तितक्याच अंतरावर खुंट असेल, तर वाऱ्याचा १०० किलोग्रॅम भाराइतका आडवा रेटा पेलताना तारेवर सुमारे १४१ किलोग्रॅम ताण येतो आणि मनोरा १०० किलोग्रॅमने खाली दाबला जातो. अंतर निम्मे केल्यास हेच आकडे २२४ व २०० होतात. चौथ्या हिश्श्यावर आणल्यास ४१२ व ४००!

कोणी म्हणेल, तार जाड घ्यावी. परंतु त्याने केवळ तार वाचते. मनोरा वाकण्याचे व खुंट उपटला जाण्याचे भय तसेच राहते.

म्हणून जागा अपुरी असेल, तर खुंट आत ओढू नयेत. मनोराच ठेंगणा करावा. संदेशाचा पल्ला कदाचित थोडा घटेल. परंतु शाळेच्या अंगणातील मनोऱ्याखाली मुले खेळत असतात, याचा विसर पडता कामा नये.